प्रतिस्पर्ध्याला आपला प्लग मोकळा करून देण्यात फायदा कोणाचा?

रानजाई

ई-वाहनांच्या धंद्यात एक गोष्ट वारंवार दिसते. ज्या वस्तूवर कंपनीने स्वतः पैसा ओतला, तीच ती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देते. टेस्लाने जून २०१४ मध्ये जाहीर केलं की आमची पेटंटं सद्भावनेने वापरणाऱ्यांवर खटला भरणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर स्वतःच्या चार्जिंग कनेक्टरचं ड्रॉइंगच सगळ्यांसाठी ठेवलं. आपल्याकडे एथरने २०२१ साली स्कूटरचा कनेक्टर इतर कंपन्यांना विनामूल्य देऊ केला, हीरोने आपल्या विडा स्कूटरसाठी तो घेतला, आणि २०२३ मध्ये बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) हलक्या वाहनांसाठी एसी-डीसी एकत्रित कनेक्टरचं मानक मंजूर केलं, तेही याच रचनेवर उभं आहे.

व्यवस्थापनाच्या वर्गात याला ओपन इनोव्हेशन म्हणतात आणि सगळ्यांचंच भलं होतं असं चित्र रंगवतात. मला दोन गोष्टी नेमक्या समजून घ्यायच्या आहेत. असं मोकळं करणारी कंपनी बंद काय ठेवते? आणि भोसरी, चाकण, सातपूर, अंबड इथला चार्जिंग गन (केबलच्या टोकाचा कनेक्टर), हार्नेस (तारांचा जुडगा) किंवा साचे बनवणारा लहान कारखानदार अशा व्यवस्थेत शिरताना काय तपासून घेतो? कंपन्यांच्या जाहिरातीतली वाक्यं नकोत, कामातलं बोला.

सुहृद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. टेस्लाला सरकारी पैसा हवा होता. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात महामार्गांवरच्या चार्जरसाठी ५ अब्ज डॉलरची योजना होती आणि फेब्रुवारी २०२३ च्या नियमांनी त्या चार्जरवर सीसीएस (टेस्ला सोडून बहुतेक कंपन्या वापरत तो कनेक्टर) सक्तीचं केलं. फक्त टेस्लाच्याच गाड्या चार्ज करणाऱ्या जाळ्याला त्यातून छदाम मिळाला नसता. औदार्य वगैरे काही नाही.

आणि हीरो तर २०१६ पासून एथरचा भागधारक आहे. घरातल्याच माणसाला दिलेली वस्तू 'प्रतिस्पर्ध्याला दिली' म्हणून मोजू नये.

अनामिक_वाचक

उत्तम विषय. वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

मिशिगनमावशी

सुहृद, अनुदानाचा मुद्दा खरा, पण अर्धाच. नुसत्या अनुदानासाठी टेस्लाला आपल्या चार्जरवर सीसीएसची दुसरी गन किंवा अडॅप्टर लावून भागलं असतं. ड्रॉइंग बाहेर काढल्यावर घडलं ते वेगळंच. मे २०२३ मध्ये फोर्ड, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जीएम, आणि त्याच महिन्याच्या शेवटी अभियंत्यांची संस्था एसएई हा कनेक्टर मानक म्हणून घ्यायला तयार झाली. आता तो जे-३४०० म्हणून ओळखला जातो. फोर्ड-जीएमला प्लगचा आकार नको होता, हजारो ठिकाणी धड चालणारे चार्जर हवे होते. प्लग मोकळा होता. किंमत होती ती जाळ्याची, आणि जाळं टेस्लाचंच राहिलं. परक्या गाडीचा चालक तिथे चार्ज करतो तेव्हा पैसे टेस्लाला जातात, दर टेस्ला ठरवते आणि ॲपही टेस्लाचं.

हे जुळलं कसं, ते तांत्रिक अंगाने पाहण्यासारखं आहे. या कनेक्टरला पाच पिना. दोन जाड पिनांमधूनच एसी आणि डीसी दोन्ही जातं, उरलेल्या तीन म्हणजे अर्थ, प्रॉक्सिमिटी (प्लग बसला का ते सांगणारी) आणि कंट्रोल पायलट (गाडी-चार्जरच्या संकेतांची). डीसी चार्जिंगसाठी गाडी आणि चार्जर यांचं बोलणं सीसीएसच्याच पद्धतीने होतं. म्हणून सीसीएस गाडीला लागणारा अडॅप्टर हा मुख्यतः तांबं, इन्सुलेशन आणि कुलूप एवढाच असतो, त्यात संगणक लागत नाही. जपानी चाडेमो हा जलद चार्जिंगचा प्रकार कॅन बस या वेगळ्याच संदेश-पद्धतीवर बोलतो. तिथे अडॅप्टर म्हणजे भाषांतर करणारं वेगळं उपकरणच लागतं, महाग आणि अवजड.

अडचणीही आल्या. टेस्लाच्या दुसऱ्या पिढीच्या चार्जरना सीसीएसची भाषा येत नाही, त्यामुळे ते इतरांना बंदच. तिसऱ्या पिढीच्या चार्जरची केबल आखूड, ती टेस्लाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या सॉकेटसाठी मोजलेली. ज्या गाडीचं सॉकेट पुढच्या चाकाजवळ आहे ती आडवी लागते आणि दोन जागा अडवते. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने चार्जिंग विभागातली सुमारे ५०० माणसं एकदम कमी केली, नंतर काहींना परत बोलावलं. तोवर बाकीच्या कंपन्यांनी आपल्या पुढच्या मॉडेलांचं सॉकेट ठरवून टाकलं होतं. दुसऱ्याच्या जाळ्यावर विसंबणं म्हणजे काय, ते त्या महिन्यात सगळ्यांना कळलं.

श्टुटगार्टचा_शेजारी

युरोपात हा सगळा खेळ कायद्याने आटोपला. इथे एसीसाठी दोन गट होते. जर्मन मेनेकेसचा टाइप २, आणि श्नायडर, लेग्राँ, स्कामे यांच्या २०१० च्या युतीचा टाइप ३. टाइप ३ मध्ये पिनांवर झडप होती, सुरक्षेच्या दृष्टीने तो मुद्दा खरोखर वजनदार होता. पण २०१३ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाने टाइप २ ची बाजू घेतली, आणि २०१४ च्या निर्देशाने नोव्हेंबर २०१७ नंतर बसणाऱ्या सार्वजनिक जलद डीसी चार्जरवर सीसीएस-२ (टाइप २ ला डीसीच्या दोन पिना जोडलेला) असलाच पाहिजे असं ठरलं. फ्रान्समध्ये बसवलेले टाइप ३ चे खांब नंतर बदलावे लागले. झडपेची कल्पना मात्र वाया गेली नाही, टाइप २ च्या सॉकेटमध्ये ती ऐच्छिक म्हणून आली.

टेस्लाने युरोपात मॉडेल ३ विकताना मुकाट सीसीएस-२ लावला. अमेरिकेत जिंकणारी कंपनी इथे दुसऱ्याचा प्लग वापरते. म्हणून माझं म्हणणं: मोकळेपणापेक्षा नियामकाने तारीख ठरवून देणं जास्त परिणाम करतं.

मु_पो_चाकण

शेजारी, भारतात नियामकाने तारीख दिली होती तरी गणित चुकलं, तेही लक्षात घ्या. २०१७ मध्ये भारत एसी-००१ आणि भारत डीसी-००१ अशी दोन मानकं आली. डीसी-००१ ची कमाल शक्ती १५ किलोवॉट, कनेक्टर चिनी जीबी/टी घराण्याचा. ई-व्हेरिटो आणि सुरुवातीच्या टिगोरसारख्या कमी व्होल्टेजच्या गाड्यांना ते पुरेसं होतं. डिसेंबर २०१८ च्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक स्टेशनवर सीसीएस, चाडेमो, टाइप २ आणि ही दोन्ही भारत मानकं, असे पाचही प्रकार मागितले. एका स्टेशनवर पाच प्रकारांची यंत्रं उभी करायची म्हणजे भांडवल पाच ठिकाणी अडकणार आणि त्यातली दोन-तीन धूळ खात पडणार. ऑक्टोबर २०१९ मध्ये निवड स्टेशनमालकावर सोडली. जानेवारी २०२० मध्ये सीसीएस-२ घेऊन नेक्सॉन ईव्ही आली, ती विकली गेली आणि चारचाकीचा निकाल बाजाराने लावला.

मानक कागदावर येणं आणि त्या मानकाची गाडी रस्त्यावर येणं या दोन तारखा जुळाव्या लागतात.

आता आपल्या भागातलं, जुनं पण पक्कं उदाहरण. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन. रांजणगावला टाटा आणि फियाटचा संयुक्त कारखाना, तिथलं हे इंजिन फियाटच्या लिनिया-पुंटोत आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टात. तेच इंजिन परवान्यावर सुझुकीच्या मानेसरच्या कारखान्यात, ते स्विफ्टमध्ये. जानेवारी २०१२ मध्ये तर डिझेल गाड्यांची मागणी इतकी वाढली की मारुतीने रांजणगावहून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार फियाटशी केला. शोरूममध्ये एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणाऱ्या तीन कंपन्या, बॉनेटखाली एकच १,२४८ सीसी. इंजिनाच्या विकासाचा आणि मशीनिंग लाइनचा खर्च वाटला गेला. स्पर्धा उरली ती टर्बो, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) कॅलिब्रेशन, गिअरचं गुणोत्तर, वजन आणि सर्व्हिस सेंटर यांवर. सर्वांत जास्त कमावलं ते सर्व्हिसचं जाळं मोठं असलेल्या मारुतीने. इंजिन ज्याचं, त्या फियाटच्या गाड्या मात्र इथे फारशा खपल्या नाहीत.

याच्याही मागे जाऊ. कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच नळीतून उच्च दाबाने डिझेल देण्याच्या) तंत्राचं प्रत्यक्ष गाडीत चालेल असं रूप फियाटच्या संशोधकांनी आणि माग्नेती मारेल्लीने उभं केलं, पण उत्पादनात आणायला लागणारी अचूकता आणि पैसा बॉशकडे होता. १९९४ मध्ये ते बॉशला दिलं. १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ मध्ये ते पहिल्यांदा आलं खरं, पण त्याच सुमारास मर्सिडीजच्या सीडीआय गाड्यांतही आलं. बॉश पुरवठादार, तो सगळ्यांना विकणारच. फियाटला स्वतःच्याच शोधावर आघाडी मिळाली ती अगदी थोडे दिवस.

रानजाई ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. मोकळं कोण करतं यापेक्षा गिऱ्हाइकाच्या जवळचा थर कोणाकडे आहे, ते बघा.

अवकाळी

मु_पो_चाकण यांच्या शेवटच्या वाक्याला +१. यूपीआय पाहा. एप्रिल २०१६ मध्ये एनपीसीआयने (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने) सुरू केलं, रूळ सगळ्यांसाठी सारखे, कुठलीही बँक कुठल्याही बँकेशी बोलते. तरीही ८० टक्क्यांहून जास्त व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून. नोव्हेंबर २०२० मध्ये एका ॲपला ३० टक्क्यांची मर्यादा जाहीर झाली, मुदत वाढत वाढत डिसेंबर २०२६ पर्यंत गेली आहे. लादायची कशी? ३१ व्या टक्क्यातल्या माणसाचं पेमेंट नाकारायचं का? रूळ मोकळे असले तरी डब्यात बसलेला प्रवासी हलत नाही.

त्यात जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापारी शुल्क शून्य. त्यामुळे लहान ॲपवाल्याला नुसत्या पेमेंटवर जगताच येत नाही, त्याला कर्ज, विमा असं काहीतरी विकावंच लागतं. मोठ्याला तोटा सोसता येतो. व्यवस्था मोकळी ठेवायची असेल तर तिच्यात टिकून राहायचा खर्च कोण देतं, हे आधी बघावं.

अनामिक_वाचक

धागा प्लगचा, गाडी यूपीआयवर. चार्जिंगचे पैसे तरी त्यावरूनच भरतो, तेव्हा चालतंय :)

पितळी_कडी

गन बनवणाऱ्याने काय तपासावं हा दुसरा प्रश्न राहून चाललाय, म्हणून सविस्तर लिहिते.

'कनेक्टर मोकळा आहे' हे वाक्य ऐकलं की विचारायचं, कुठला थर? सर्वांत खाली यांत्रिक रचना, म्हणजे मापं, पिना, कुलूप. त्यावर विद्युत संकेत. त्यावर गाडी आणि चार्जरचं बोलणं. त्यावर चार्जर आणि सर्व्हरचं बोलणं. सगळ्यांत वर ओळख आणि पैसे. खालचे थर मोकळे आणि वरचा एखादा कुलूपबंद, अशीच रचना बहुतेक ठिकाणी असते.

यांत्रिक थरात फसगत होते ती टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात. सार्वजनिक ड्रॉइंगवर मापं असतात, पण गो आणि नो-गो गेजची (माप मर्यादेत आहे का ते तपासायच्या साधनांची) ड्रॉइंगं असतीलच असं नाही. गेजशिवाय साचा पाडला तर गन एका कंपनीच्या सॉकेटमध्ये छान बसते आणि दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये घट्ट जाते. आयईसी ६२१९६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या घराण्यातल्या कनेक्टरना विना-भार १०,००० वेळा जोड-सोड सोसावी लागते. संपर्कावरचा चांदीचा मुलामा आणि स्प्रिंगचा दाब इथे कामाला येतो. दाब कमी पडला तर रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता, उष्णतेने स्प्रिंग आणखी सैल, आणि हे चक्र गन वितळेपर्यंत चालतं. तापमानवाढीची मर्यादा ५० केल्व्हिन. चाचणीत नापास होणाऱ्या नमुन्यात दोष पिनेपेक्षा क्रिंपमध्ये (तार दाबून पिनेला जोडलेल्या सांध्यात) सापडण्याची शक्यता जास्त. क्रिंपची उंची मोजा, कापून आडवा छेद बघा, नुसत्या ओढ-चाचणीवर विसंबू नका. जमिनीवर पडलेल्या गनवरून चाक जाण्याचीही चाचणी असते, ५,००० न्यूटन. काचतंतूंचं प्रमाण वाढवून कडक केलेला नायलॉन तिथे तडकू शकतो.

विद्युत संकेत तसे सोपे. कंट्रोल पायलटवर १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर, अधिक-उणे १२ व्होल्ट. गाडी जोडली की वरची पातळी ९ वर, चार्जिंग मागितलं की ६ वर. ड्यूटी (लहर वर राहण्याचं प्रमाण) ५० टक्के म्हणजे ३० अँपिअर, १० ते ८५ टक्क्यांपर्यंत टक्के गुणिले ०.६ हा हिशोब. ड्यूटी ५ टक्के दिसली की पुढचं बोलणं डिजिटल. टाइप २ च्या केबलची क्षमता प्रॉक्सिमिटीतला रोधक सांगतो: १३ अँपिअरला १,५०० ओहम, २० ला ६८०, ३२ ला २२०, ६३ ला १००. खरेदी विभागाने तांब्याच्या भावामुळे केबल बारीक केली आणि रोधक २२० चाच राहिला, तर गाडी निर्धास्तपणे ३२ अँपिअर ओढते. ड्रॉइंगमधला बदल आणि खरेदीतला बदल एकाच बदलपत्रावर यायला हवेत.

श्टुटगार्टचा_शेजारी

पितळी ताई, फार छान. त्याच्या वरच्या थरांची भर घालतो.

सीसीएसमध्ये गाडी-चार्जर बोलतात ते कंट्रोल पायलटच्याच तारेवरून, होमप्लग ग्रीन फाय या तारेवरूनच डेटा पाठवण्याच्या पद्धतीने. शेजारी-शेजारी दोन चार्जर असतील तर एकाचा संकेत दुसऱ्याच्या केबलमध्ये शिरतो. म्हणून सुरुवातीला संकेत किती क्षीण होतो हे मोजून 'माझी गाडी हीच' हे ठरवलं जातं. केबलचं शिल्डिंग किंवा अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर शेजारच्या गाडीशी हातमिळवणी करायला जातो आणि सत्र तुटतं. प्रयोगशाळेत एकाच चार्जरवर हे कधीच दिसत नाही. म्हणूनच २०१५ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेली चारिन संस्था वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आणि चार्जर एकत्र आणून आडवी-उभी जुळणी तपासते. प्रतिस्पर्धी तिथे एकमेकांचे दोष बघतात, आणि ते गुप्त ठेवायचे हा नियम सगळे पाळतात, कारण उद्या आपली पाळी असते.

सर्व्हरकडच्या बोलण्यासाठी ओसीपीपी आहे, नेदरलंड्समधून आलेलं, विनामूल्य. १.६ आणि २.०.१ या आवृत्त्या चलनात आहेत आणि २०२४ मध्ये ते आयईसी मानकही झालं. विनामूल्य असलं तरी १.६ मध्ये 'डेटा ट्रान्स्फर' नावाचा एक मोकळा संदेश आहे, त्यात प्रत्येक उत्पादक आपलं खासगी काहीतरी कोंबतो. निविदेत 'ओसीपीपी १.६ सुसंगत' एवढंच लिहिलं तर सर्व्हर बदलताना हे खासगी संदेश अडवतात. कुठले संदेश चालले पाहिजेत त्यांची यादी निविदेत टाकावी.

आणि खरं कुलूप सगळ्यांत वर आहे. गाडी स्वतःची ओळख देऊन पैसे भरते, त्या प्लग-अँड-चार्जसाठी डिजिटल प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांचं मूळ प्रमाणपत्र कोणीतरी एकाने सांभाळावं लागतं. युरोपात ते काम प्रामुख्याने हुबजेक्ट करते. ही कंपनी २०१२ मध्ये जर्मन वाहन, वीज आणि विद्युत-उपकरण कंपन्यांनी मिळून काढली. मानक सार्वजनिक, पण दाराची किल्ली एका कंपनीकडे. त्यावर इथे अजून वाद चालू आहे.

सुहृद

हे वाचून माझं मत थोडं बदललं. एथर-हीरोच्या बाबतीतसुद्धा बीआयएसचं मानक आल्यावर भागधारकाचा मुद्दा बोथट होतो, कारण आता रचना कंपनीच्या मर्जीवर राहत नाही. पण मग ओला वेगळा कनेक्टर घेऊन का बसली आहे? मानक आहे, सक्ती नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या पुरेशा स्कूटर रस्त्यावर आहेत त्याला घाई नसते.

मु_पो_चाकण

सुहृद, त्याहून बोलकं उदाहरण बॅटरी बदलण्याचं आहे. प्लग मोकळा करायला तयार होणाऱ्या कंपन्या बॅटरीच्या पॅकचं माप एक करायला मात्र नाही म्हणतात. एप्रिल २०२२ मध्ये नीति आयोगाने बॅटरी-अदलाबदलीच्या धोरणाचा मसुदा काढला तेव्हा हाच विरोध झाला. कारण स्पष्ट आहे. स्कूटरची रेंज, वजन, वॉरंटी, बीएमएसचं (बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेचं) सॉफ्टवेअर आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा पॅकमध्येच असतो. ते सारखं केलं तर विकायला वेगळं उरतं काय? शिवाय परक्या स्टेशनवरून आलेला पॅक तापला तर वॉरंटी कोणाची, याचं उत्तर कोणाकडे नसतं.

होंडा, यामाहा, पियाजिओ आणि केटीएम यांनी २०२१ मध्ये अदलाबदलीच्या बॅटरीसाठी गट केला. पण आज मुंबईत चालवता येते ती होंडाची ॲक्टिव्हा-ई, १.५ किलोवॉट-तासाचे दोन पॅक, होंडाचेच, होंडाच्याच केंद्रावर.

दस्तऐवज

कराराच्या बाजूने लिहितो. 'मोकळं' म्हणजे कायद्यात चार निरनिराळ्या गोष्टी असू शकतात, त्यांची गल्लत झाली की लहान कारखानदार अडकतो.

टेस्लाचं २०१४ चं होतं ते खटला न भरण्याचं वचन, आणि त्याला अटी होत्या. त्यांच्या व्याख्येप्रमाणे सद्भावना म्हणजे तुम्ही टेस्लाविरुद्ध, किंवा ई-वाहन तंत्राच्या पेटंटवरून तिसऱ्या कोणाविरुद्धही, दावा केलेला नसावा. टेस्लाच्या पेटंटला आव्हान दिलेलं नसावं. हुबेहूब नक्कल विकलेली नसावी. म्हणजे ते वापरणाऱ्याने स्वतःची पेटंटं म्यानात ठेवायची. ज्याच्याकडे पेटंट नाही त्याला याचं काही वाटत नाही. ज्याच्याकडे एकच पण चांगलं पेटंट आहे त्याने दहादा विचार करावा.

टोयोटाने एप्रिल २०१९ मध्ये वाहन-विद्युतीकरणाची सुमारे २३,७४० पेटंटं विनाशुल्क दिली, तीही २०३० च्या अखेरपर्यंतच आणि अर्ज करून करारावर. यंत्रणा, मोटारी, कंट्रोलर पुरवण्याचं आणि सल्ल्याचं काम टोयोटा पैसे घेऊन करते. तिसरा प्रकार, मानकात शिरलेलं पेटंट. ते वाजवी, भेदभावरहित दराने द्यावं लागतं, फुकट नव्हे. मोबाइलच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यात लावाला २४४ कोटी रुपये भरायला सांगितले ते याच कारणाने. चौथा प्रकार, खरोखर सगळ्यांना दिलेलं: व्होल्वोचा १९५९ चा तीन टोकांचा सीटबेल्ट.

आता मोठ्या कंपनीबरोबर मिळून काही विकसित करताना. ड्रॉइंग पाठवण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज टाका. ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, मोठ्यांना ८,०००. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. प्रदर्शनात नमुना मांडून मग अर्ज करणं ही सर्रास दिसणारी चूक आहे, नवेपणा तिथेच धोक्यात येतो.

करारात 'आधीपासूनचं ज्ञान' नावाचं परिशिष्ट आवर्जून जोडा. तुमच्या साच्याची कूलिंग रचना, क्रिंपिंगची पद्धत, तपासणीची जिग, सगळं नावानिशी आणि तारखेनिशी. ते नसेल तर प्रकल्पाच्या काळात जे जे वापरलं ते प्रकल्पातच जन्मलं असं पुढे धरलं जातं. आपल्याकडे व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे करारातला शब्दच तुमचा आधार.

संयुक्त मालकीच्या पेटंटला लोक भुलतात. पेटंट कायद्याच्या कलम ५० प्रमाणे वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक ते स्वतःसाठी वापरू शकतो आणि दुसऱ्याला हिशोब द्यावा लागत नाही, पण तिसऱ्याला परवाना द्यायला सगळ्यांची संमती लागते. मोठी कंपनी स्वतःच्या कारखान्यात ते वापरत राहते. तुमचं गिऱ्हाईक ती एकटीच आणि दुसऱ्या वाहन कंपनीला परवाना द्यायला तिचीच संमती हवी. त्यापेक्षा क्षेत्र वाटून घ्या: चारचाकीत वापरण्याचा हक्क त्यांना, दुचाकी-तिचाकी आणि शेतीच्या यंत्रांत तुम्हाला.

रानजाई

दस्तऐवज, हे फारच उपयोगाचं. एक शंका. करार संपल्यावर तीन वर्षं प्रतिस्पर्ध्याला माल द्यायचा नाही, असं कलम पुरवठा करारांत असतं. ते टिकतं का?

दस्तऐवज

करार कायद्याच्या कलम २७ मुळे करार संपल्यानंतरची धंदाबंदी आपल्याकडे साधारणपणे टिकत नाही. करार चालू असतानाची एकनिष्ठता टिकू शकते. पण व्यवहारात तुम्हाला कलमाआधी साचा अडवतो. साच्याचे पैसे कंपनीने दिले असतील तर साचा तिचा, आणि त्यावर दुसऱ्यासाठी एक शॉटही मारता येत नाही. मानक कनेक्टर बनवायचा असेल तर निदान कॅव्हिटीचे इन्सर्ट स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावावर ठेवा. साच्याचा खर्च तुकड्यामागे वसूल होणार असेल तर किती तुकड्यांवर, आणि मॉडेल मध्येच बंद झालं तर उरलेली रक्कम कोण देणार, हे लिहून घ्या.

वसुलीचंही सांगतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत मिळायला हवेत. उशिरावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, दर महिन्याच्या आकारणीने. नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असावी, नाहीतर एमएसएमई सुविधा परिषदेपुढे त्यावरूनच वाद होतो.

अनामिक_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). बीआयएसच्या समितीत मात्र मोठ्यांचंच चालतं ना? लहान माणूस तिथे बोलून काय होणार?

पितळी_कडी

असं धरून गप्प बसू नका. ई-वाहनांच्या विद्युत तंत्राची समिती ईटीडी ५१. मसुदा तयार झाला की तो जनतेच्या सूचनांसाठी खुला होतो, साधारण दोन महिने. सूचना कोणीही पाठवू शकतो, सदस्य असावं लागत नाही. नमुन्यात कलम क्रमांक, सूचनेचा प्रकार, कारण आणि सुचवलेला नवा मजकूर असे रकाने असतात. 'हे माप कठीण आहे' एवढं लिहिलं तर ती सूचना बाजूला पडते. 'अमुक कलमातली ± ०.०५ ची टॉलरन्स ± ०.१ करावी, या मोजमापांच्या तक्त्यानुसार जोडणीचा दाब मर्यादेतच राहतो' असं लिहिलं तर समितीला चर्चा करून उत्तर नोंदवावं लागतं. साच्यातल्या आकुंचनाचे खरे आकडे वाहन कंपन्यांकडे नसतात, ते कारखान्यात असतात.

मिशिगनमावशी

यावर एक उदाहरण, वेगळ्या धंद्यातलं. चिप बनवायची अतिनील किरणांची यंत्रं करणाऱ्या एएसएमएलमध्ये २०१२ साली इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग या तीन कट्टर स्पर्धकांनी मिळून २३ टक्के हिस्सा घेतला, वर संशोधनाला १.३८ अब्ज युरो दिले. अट अशी की त्या भागांना सर्वसाधारणपणे मतदानाचा हक्क नाही आणि विकसित झालेलं यंत्र सगळ्याच गिऱ्हाइकांना विकता येईल. एकट्याला परवडत नव्हतं, आणि पुरवठादार कोणा एकाचा बटीक झाला असता तर उरलेल्या दोघांनी पैसे दिले नसते. पुरवठादाराचं स्वातंत्र्य हे गिऱ्हाइकांच्याही हिताचं असतं, हे वाटाघाटीत मांडायला संकोच करू नका.

रानजाई

माझ्या पहिल्या प्रश्नाला आता नीट आकार आला. हलक्या वाहनांच्या या नव्या मानकाची गन बनवायची तर सुरुवात कुठून करावी, तेवढं कोणी क्रमाने सांगेल का?

पितळी_कडी

साच्यापासून तर नक्कीच नाही. आधी आयएस १७०१७ मालिकेतलं नेमकं मानक मिळवा, देशात तयार झालेली भारतीय मानकं बीआयएसच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. त्यातल्या मापांवरून गेज बनवून घ्या आणि दोन निरनिराळ्या उत्पादकांची वाहनाकडची सॉकेटं विकत आणून त्या गेजवर मोजा. मग मऊ टूलिंगवर (स्वस्तातल्या तात्पुरत्या साच्यावर) थोडे नमुने, त्यांवर तापमानवाढ आणि जोड-सोड या दोनच चाचण्या आधी. त्या निघाल्या तरच कडक पोलादाचा साचा. प्रमाणन चाचण्यांसाठी पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. तिथे जाण्याआधीच्या कच्च्या चाचण्या, कॅलिब्रेशन आणि झटपट नमुने यासाठी चिंचवडचं ऑटो क्लस्टर पाहा, मोठ्या प्रयोगशाळेचा नंबर लागेपर्यंतचा वेळ वाचतो.

मु_पो_चाकण

गेजसाठी छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूमही विचारात घ्या. ड्रॉइंग देताना गेजची झीज-मर्यादा लिहायला विसरू नका, आणि दोन संच करा: एक शॉप फ्लोअरवर, एक तपासणी विभागात कुलपात. वाद झाला की दुसरा संच काढायचा.

रानजाई

दोन संच, लक्षात ठेवते. पितळी ताई, सॉकेटं मोजून झाली की मापांचा तक्ता इथेच टाकू का? ईटीडी ५१ कडे सूचना पाठवायची वेळ आली तर बाकीच्यांनाही वापरता येईल.

पितळी_कडी

नक्की टाका. तापमान आणि मोजणाऱ्या उपकरणाचा लीस्ट काउंट (ते मोजू शकतं ते लहानात लहान माप) सोबत लिहा, नाहीतर दुसऱ्याच्या आकड्यांशी ताळा घेता येणार नाही.